विद्यार्थ्याच्या हाती नवे साधन



ग्रंथालयाच्या शतकोत्सवात ग्रंथ, ग्रंथकार आणि भाषा हे विषय अपेक्षित असतात. त्यांच्या पंक्तीला मोबाईल आणि संगणक आणून बसविले, तर काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. ज्याने ग्रंथांचा वाचक पळविला त्याची चर्चा ग्रंथालयात कशासाठी, असेही कोणी विचारील. परंतु शाळकरी मुलांना ही साधने जबाबदारीने आणि सुरक्षितपणे वापरण्यास कसे शिकवावे, हा प्रश्न बऱ्याच अंशी वाचनाचाच प्रश्न आहे. आणि हैदराबादच्या मराठी समाजाने त्याचे जुने रूप पूर्वी पाहिलेले आहे.

निजामाच्या राज्यात कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेला स्वभाषेतून ज्ञान मिळविण्याची सोय बहुतांशी स्वतःच उभी करावी लागली. १९०१ साली या शहरात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघाले. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली. पुढे 'गश्ती निशाण ५३' या हुकमाने सभासंमेलनांना पूर्वपरवानगी आवश्यक झाली आणि खाजगी शाळांवरही निर्बंध आले. तशा काळात वाचनालय हीच लोकशिक्षणाची वाट ठरली.

छापील अक्षर हे बलवान साधन आहे, हे त्या पिढीने ओळखले होते. वर्तमानपत्रात खऱ्याबरोबर खोटेही छापून येते आणि कादंबऱ्या तरुणांना बिघडवितात, अशी ओरड त्या काळीही होतच असे. म्हणून कोणी ग्रंथ कुलुपात ठेवले नाहीत. आणि वाचकाला ग्रंथांच्या ढिगाऱ्यात एकटे सोडूनही दिले नाही. वाचनालय म्हणजे ग्रंथ, ग्रंथपाल आणि शिस्त या तिहींचा मेळ. कोणत्या वयाला कोणते पुस्तक योग्य, हे जाणणारे माणूस तेथे बसलेले असते. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले, हे पाहण्याची सवय वाचकाला तेथे लागते. शाळेचे नाव 'विवेकवर्धिनी' ठेवणाऱ्यांना शिक्षणाचा हेतू नेमका समजला होता, असेच म्हणावे लागते. नव्या साधनाच्या बाबतीत उणीव भासते ती याच विवेकाची.

ही उणीव ठळकपणे दिसली ती २०२० साली. तोवर शाळेत मोबाईल आणणे हा अपराध गणला जात असे. दप्तरात सापडला तर तो जप्त होई आणि पालकांना बोलावणे जाई. मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शनची यादगिरी वाहिनी आणि राज्य शासनाची टी-सॅट वाहिनी यांवरून पाठ सुरू झाले. शहरातील खाजगी शाळांचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. काल जी वस्तू शाळेने हातातून काढून घेतली होती, तीच आज शाळेने हातात दिली. ती कशी वापरावी हे शिकविण्यास मधला काळ मिळालाच नाही.

केंद्र शासनाने त्या वर्षीच्या जुलैमध्ये 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका आणि नववी ते बारावीसाठी चार, अशी मर्यादा त्यांत होती. सुरक्षिततेचीही चर्चा होती. सूचना चांगल्या होत्या. परंतु व्यवहारात शाळांनी तासिका मोजल्या आणि पालकांनी मिनिटे मोजली. पडद्यासमोर मूल किती वेळ आहे, हा प्रश्न सोपा असल्यामुळे सर्वांनी तोच धरला. त्या वेळात मूल काय पाहते, कोणाशी बोलते आणि घाबरले तर कोणाला सांगते, हे प्रश्न मागे राहिले.

साधनावर सरसकट दोषारोप करणे मात्र न्यायाचे होणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडद्वारे खेड्यातील मुलापर्यंत कविता, चित्रफीत आणि स्वाध्याय पोहोचविण्याची त्यांची कल्पना साधी होती आणि पुढे ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आली. तेथे साधन पुस्तकाच्या सेवेला होते आणि शिक्षक जागेवर होता. साधन तेच, ते कोणत्या व्यवस्थेत बसविले आहे, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

विवेकाची उणीव किती महाग पडते, हे त्याआधी दोनच वर्षांपूर्वी या प्रदेशाने अनुभवले होते. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचा संदेश मोबाईलवरून गावोगाव पसरला. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. १३ जुलै रोजी बिदर जिल्ह्यातील मुरकी येथे हैदराबादमधील एका तरुण संगणक अभियंत्याचा असाच अंत झाला. तो मित्रांसह सहलीला गेला होता. वाटेत त्यांच्यापैकी एकाने शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली, एवढेच निमित्त झाले. मोटार निसटली, परंतु संदेश तिच्यापुढे धावला आणि पुढच्या गावी रस्ता अडविला गेला. बिदर सीमाभागातील जिल्हा. मराठी तेथे अनेक घरांत बोलली जाते. येथील अनेक कुटुंबांची सोयरीक त्या बाजूची आहे.

त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा उगम पुढे उघड झाला. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसते. ती मुळात कराचीतील एका संस्थेसाठी बनविलेली, पालकांना सावध करणारी प्रचारफीत होती. मूळ फितीच्या शेवटी ती माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा अर्थाचा फलक दाखवितात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. मुलांच्या रक्षणासाठी तयार केलेली फीत अशा रीतीने माणसे मारण्यास कारण झाली.

शेवटचे पान फाटलेले पुस्तक ग्रंथपालाच्या हाती आले, तर तो ते तसेच वाचकाला देत नाही. प्रत अपुरी असल्याचा शेरा मारतो. नव्या साधनाजवळ असा शेरा मारणारा कोणी नसतो. ते काम प्रत्येक वाचकाने स्वतः करावयाचे असते आणि म्हणून ते शाळेतच शिकवावे लागते. हे चित्र कोठले, केव्हाचे, त्याच्या आधी आणि नंतर काय होते, आणि हे माझ्याकडे पाठविणाऱ्याला ते कोठून मिळाले, हे चार प्रश्न पाचवीतील मूलही विचारू शकते. वर्तमानपत्राची दोन कात्रणे आणि एक फिरता संदेश फळ्याशेजारी लावून हा पाठ चाळीस मिनिटांत घेता येतो. त्यासाठी शाळेत एकही यंत्र असावे लागत नाही.

याच काळातील तेलंगणातील एक उदाहरण मात्र आशादायक आहे. जोगुळांबा गदवाल जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांच्या शिपायांना असे आढळले, की गावकरी अंगणात झोपेनासे झाले आहेत आणि मुलांना घरात कोंडून ठेवीत आहेत. कारण शोधता मोबाईलवरील अफवा हाती लागली. त्यांनी लोकगायक आणि डफवाले गावोगाव पाठविले, दारोदार पोलीस पाठविले आणि अफवेचे खोटेपण लोकांच्याच बोलीत, लोकांच्याच चालीवर समजावले. त्या गावांत अफवेपायी कोणाचा जीव गेला नाही. सावधगिरीची शिकवण लोकांच्या ओळखीच्या आवाजात आली, की ती मनात उतरते.

अफवेची गोष्ट मोठ्यांची झाली. मुलाच्या वाट्याला येणारे संकट अधिक खाजगी असते. समजा, आठवीतील एक मुलगी खेळाच्या निमित्ताने एका अनोळखी माणसाशी बोलू लागली. तो तिच्याच वयाचा असल्याचे सांगतो. काही आठवड्यांनी तो छायाचित्र मागतो, ते मिळताच आणखी मागतो, आणि नकार मिळताच ते सर्वांना दाखविण्याची धमकी देतो. या क्षणी त्या मुलीला ज्ञानापेक्षा अधिक गरज असते ती एका माणसाची. आणि याच क्षणी ती गप्प राहते. सांगितले तर मोबाईल जाईल, मार बसेल, शाळा बंद होईल, घरची अब्रू जाईल, असे तिला वाटते. धमकी देणारा तिच्या मौनावरच विसंबून असतो. घरातील प्रत्येक कठोर शब्द, 'पुन्हा हातात दिसला तर पाहा' हे प्रत्येक वाक्य, नकळत त्याच्या बाजूने काम करते.

म्हणून सुरक्षिततेच्या शिक्षणाचा पहिला धडा मुलांना देण्यापूर्वी मोठ्यांनी गिरवावयाचा आहे. चूक मुलाची असली तरी सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, हे वचन घराने आणि शाळेने आधी, संकट येण्यापूर्वी दिले पाहिजे. त्यानंतर व्यवहाराच्या गोष्टी येतात. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण मागणी त्याने थांबत नाही. त्याच्याशी बोलणे बंद करावे, परंतु संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेले असावेत, जेथे कोणाला न विचारता ते वाचता येतील.

तेलंगणा पोलिसांच्या महिला सुरक्षा शाखेने २०२१ साली शालेय शिक्षण विभागाच्या सहकार्याने जो उपक्रम हाती घेतला, त्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. 'सायबर काँग्रेस' या नावाच्या या उपक्रमात राज्यातील १,६५० शासकीय शाळा निवडण्यात आल्या. प्रत्येक शाळेतून दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांना प्रशिक्षण देऊन 'सायबर दूत' नेमावयाचे, आणि त्यांनी आपल्या शाळेत इतरांना शिकवावयाचे, अशी ही योजना होती. पोलीस अधिकाऱ्याचे व्याख्यान वर्षातून एकदा होते आणि मुले टाळ्या वाजवून घरी जातात. वर्गातील दूत मात्र रोज शेजारच्या बाकावर असतो. जी गोष्ट आईला सांगवत नाही ती मुलगी मैत्रिणीला सांगते. मैत्रिणीला पुढे कोणाकडे जावे हे ठाऊक असेल, तर मौनाची साखळी तेथे तुटते. अशा योजनेचे यश किती शाळांत प्रशिक्षण झाले यापेक्षा किती मुलांनी तोंड उघडले यावर मोजले पाहिजे. दूत दहावी होऊन गेल्यावर त्याची जागा घेण्यास दुसरा तयार असणे, हीही तिची कसोटी होय.

सुरक्षितता हा विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा जबाबदारीचा. मूल नेहमीच बळी नसते, कधी कधी ते दुसऱ्या मुलाला छळणारेही असते. वर्गमित्राची फजिती टिपून ती गटात टाकणे, एखाद्या मुलीच्या छायाचित्रात फेरफार करणे, खोट्या नावाने कोणाची निंदा करणे, या गोष्टी मुले गंमत म्हणून करतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाचे अश्लील चित्र तयार करणे किंवा पुढे पाठविणे हा गुन्हा आहे, हे चौदा वर्षांच्या मुलाला कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे. त्याहून आधी हे सांगितले पाहिजे, की पाठविलेली गोष्ट परत घेता येत नाही. आपल्याकडील प्रत पुसली, तरी दुसऱ्याकडील प्रत राहते.

त्याच जबाबदारीत आता उत्तरे लिहून देणाऱ्या यंत्रांचा वापरही येतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि निबंध, पत्रे, गणिते क्षणात सोडवून मिळू लागली. या यंत्राचे उत्तर सफाईदार असते, परंतु ते चुकीचे असले तरीही तितकेच सफाईदार असते. विद्यार्थ्याने त्याची मदत घेतली तर ते लपवू नये, आणि उत्तरातील प्रत्येक विधान ग्रंथावरून पडताळून पाहावे, एवढा नियम शाळा घालू शकतात. या पडताळणीसाठी तरी मुलांची पावले ग्रंथालयाकडे वळावीत.

बंदीचा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे आणि तिची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. हे कायदे आवश्यक आहेत, कारण मुलांचे लक्ष हाच ज्यांचा व्यापार आहे त्यांना मुलांच्या संयमावर सोडून चालणार नाही. परंतु कायदा बाहेरचा दरवाजा राखतो. आजोबांच्या मोबाईलवर नातू काय पाहतो, ते घरालाच पाहावे लागते.

यासंबंधी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने घातलेला पायंडा उल्लेखनीय आहे. २०२२ साली त्या गावाने असा ठराव केला, की रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच गावातील मोबाईल आणि दूरचित्रवाणी संच दीड तास बंद राहतील, आणि त्या वेळात मुले अभ्यास व वाचन करतील. या नियमातील खरी ताकद अशी, की तो मोठ्यांनाही लागू होता. आईने मालिका आणि वडिलांनी मोबाईल बाजूला ठेवला, तेव्हाच मुलाने पुस्तक उघडले. स्वतः पडद्यावर डोळे लावून मुलाला वाचनाचा उपदेश करणारे घर फार काळ ऐकले जात नाही.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक कबुली आवश्यक आहे. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाने मुलांना आत्महत्येस प्रवृत्त केल्याची भीती देशभर पसरली. शाळांनी परिपत्रके काढली, पालकांनी ती शेकडोंनी पुढे पाठविली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने संसदेत सांगितले, की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. सावध करण्याच्या भरात मोठ्यांनीच पडताळणी सोडली होती. त्या गदारोळात, उदास झालेल्या मुलाला खरोखर काय बोचत होते, हे विचारायचे राहून गेले असणार.

हैदराबादच्या मराठी घराला या प्रश्नाची एक वेगळी बाजू आहे. येथील मूल शाळेत इंग्रजी शिकते, मित्रांशी तेलुगू अथवा दखनी हिंदी बोलते आणि घरी मराठी. सुरक्षिततेच्या सूचना त्याला इंग्रजीतून मिळतात आणि परीक्षेपुरत्या पाठही होतात. परंतु भीती आणि लाज या भावना माणूस मातृभाषेतच बोलून दाखवितो. 'कोणीतरी मला त्रास देत आहे' हे वाक्य मराठीत उच्चारण्याची त्याला सवय नसेल, आणि ते ऐकून घेण्याची आईवडिलांना सवय नसेल, तर इंग्रजीतील दहा नियम कपाटातच राहतात. दुसरीकडे, आजीआजोबांच्या मोबाईलवर येणारी अफवा शुद्ध मराठीत येते आणि आपल्या भाषेत आली म्हणून अधिक विश्वसनीय वाटते. ती तपासण्याचे कौशल्य नातवाकडे असते, विवेकाची पुंजी आजोबांकडे असते. दोघांनी एका टेबलाशी बसण्याची जागा हवी.

ती जागा ग्रंथालय देऊ शकते. आठवड्यातून एका सायंकाळी, मोबाईल दाराशी ठेवून, मुले आणि ज्येष्ठ सभासद एकत्र बसावेत. त्या आठवड्यात फिरलेला एखादा संदेश कोणीतरी कागदावर उतरवून आणावा आणि सर्वांनी मिळून कोश, वर्तमानपत्रे, नकाशे काढून त्याची शहानिशा करावी. उरलेल्या वेळात मुलांनी बोलावे आणि मोठ्यांनी ऐकावे. यास खर्च नाही. टेबल, दिवा आणि सवड एवढेच लागते. अशा दहा सायंकाळी झाल्या, तर एखादे मूल अकराव्या सायंकाळी, सर्व उठून गेल्यावर, ग्रंथपालाच्या टेबलाशी थोडे रेंगाळेल आणि मनातले सांगेल. त्या वेळी त्याला उत्तर देणारे माणूस तेथे असले, म्हणजे ग्रंथालयाने आपल्या दुसऱ्या शतकातील कर्तव्याचा आरंभ केला असे म्हणता येईल.